राहिलेलं काज

अक्का, तुमच्या तेराव्याला जेवायला आलेल्या बायकांनी तुमच्या हाताची लई तारीफ केली. काय बोटं होती, काय नजर होती, जुन्या बटणांचं लेणं करावं तर अक्कानंच. मी वाढत होते आणि ऐकत होते. यातल्या निम्म्या जणी तुमच्याकडून कानातलं नेताना ते रुमालात गुंडाळून पदराखाली धरायच्या आणि घरी गेल्यावर "गुलबर्ग्याहून आणलंय" म्हणून सांगायच्या. विधवेच्या हातचं लेणं कोण सांगून घालणार? तुम्हाला सगळं माहीत होतं. तुम्ही हसायच्या. "नाव गुलबर्ग्याचं होऊ दे गं. कानात तर मीच लोंबायलेय की."

मी त्या बायकांना काही बोलले नाही. बोलायला मला तोंड नव्हतं. त्यांनी तुमचं नाव लपवलं. मी काय लपवलं ते त्यांना माहीत नाही, आणि आज सांगितल्याशिवाय मला गिळवत नाही. तेहतीस वर्षं एका घरात राहिलो आपण. मी तुमच्याशी कधी कामापलीकडं चार वाक्यं बोलले नाही, आणि आता तुम्ही नाही तर बसलेय लिहायला. तुम्ही असता तर म्हणाला असता, "शोभा, वरात गेल्यावर वाजंत्री आणायलीस व्हय?"

मी लग्न होऊन भालकीला आले तेव्हा तुम्ही सासरहून, मादन हिप्परग्याहून, कायमच्या परत येऊन दोन वर्षं झाली होती. नवरा गेलेली, लेकरू नसलेली मोठी नणंद घरात आहे, हे माझ्या आईनं मी माहेरी, निर्ण्याला असताना मला तीनदा सांगितलं होतं. जपून राहा म्हणाली होती. मी इतकी जपून राहिले की तुमच्या खोलीचा उंबरा ओलांडायला मला वर्ष लागलं. तुम्ही मशीनवर बसला होता आणि शेजारी मामंजींचं ते पितळी पानदान होतं. गावातले जुने मुसलमान मामंजींना 'खलीफा', म्हणजे उस्ताद शिंपी, म्हणायचे, कारण त्यांच्यासारखी शेरवानी आसपास कुणी शिवत नव्हतं. त्यातल्याच एका गिऱ्हाइकानं ते पानदान दिलेलं. पान कुणी खात नव्हतं. त्याच्या एकेका कप्प्यात बटणं होती. शिंपल्याची, हाडाची, काचेची, एका कप्प्यात शेरवानीची काळी बिदरी बटणं, चांदीची बारीक वेल असलेली.

एका कप्प्याला मात्र झाकण होतं. मी हात लावला तर तुम्ही माझं मनगट धरलं. जोरात नाही. "तेवढं नको."

ते पुढं मला सासूबाईंनी सांगितलं. तुमच्या मालकांचे कपडे वाटायला काढले त्या दिवशी तुम्ही कात्री घेऊन बसला आणि त्यांच्या शर्टाची बटणं उतरवून घेतली. सात. हिप्परग्याचे लोक म्हणाले, बाई फिरली. शर्ट देऊन टाकायलीय आणि बटणं ठेवायलीय. तुम्ही म्हणाला, "शर्ट कुणाच्याबी अंगावर बसंल. बटणावर त्यांच्या अंगठ्याची झीज हाय."

मला ते ऐकून दया आली नाही, अक्का. भीती वाटली. मेलेल्या माणसाच्या अंगावरचं बटण घरात, आणि मी तेव्हा पोटुशी.

आपलं एक भांडण कधी संपलं नाही. बाजारात नवी कोरी बटणं डझनावर मिळतात, मग लोकांच्या जुन्या कपड्यांची बटणं कापत कशाला बसायचं? मी हे दर दिवाळीला, घर आवरताना विचारायची. तुम्ही दरवेळी एकच सांगायच्या, "नव्या बटणाला कुणाची सवय नसतीय." आणि त्याच्या भोकातला जुना दोरा तुम्ही कधीच काढला नाही. नवा दोरा त्याच्या शेजारून घालायच्या. मी म्हणाले, घाण दिसतं. तर म्हणाला, "मागच्या अंगाला कोण बघायलंय? पर मला कळतंय ना, कुठलं कुणाचं."

खणाच्या बोटभर पट्टीवर माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक बटणं बसवायची, दोऱ्याला मेण लावून. गळ्यातली पट्टी, हातातली पट्टी, कानातले झुबे. आणि फासा नाही, हूक नाही; मागं एका टोकाला बटण, दुसऱ्या टोकाला काज. ते काज तुम्ही आधी कधीच केलं नाही. जिची पट्टी तिला समोर बसवायचं, गळ्याला पट्टी लावायची, खडूनं खूण करायची आणि मग काज पाडायचं. आणि खूण करायच्या आधी तिला हसवायचं. सरकारी दवाखान्यातली सिस्टर आली होती तेव्हा मी चहा घेऊन आत आले होते. ती बिचारी मान ताठ करून बसली होती.

"अगं सिस्टर, कोंबडीवाणी मान कामून ताणायलीस? इंजेक्शन तुला टोचायचंय व्हय?"

ती फस्सकन हसली आणि तेवढ्यात तुम्ही खडू टेकवला. मला म्हणाला, "बघ शोभा. गप बसलेला गळा येगळा, हसलेला येगळा. गप गळ्यावर काज केलं तर बाई हसली की काचतंय. मग ती घालायचं सोडती. न्हाईतर हसायचं."

मला तेव्हा वाटलं होतं की तुम्ही हे मला लावून बोलला. अजून वाटतं.

तुमचे उपकार मी विसरले नाही, हेही लिहिते. रेणू झाली तेव्हा तापानं मी महिनाभर अंथरुणावर होते. लेकरू तुम्ही सांभाळलं. रेणूचे अप्पा एकदा ताटावरून ओरडले, जेवण गार आहे म्हणून, तर तुम्ही मशीन न थांबवता म्हणाला, "चूल तिथंच हाय, आण्णा. पाय तुलाबी हायेत." या घरात माझ्या बाजूनं मोठ्यानं बोलणारं तुमच्याशिवाय कुणी नव्हतं. आणि मी त्याबद्दलही तुमच्यावर मनातल्या मनात चिडले. माझ्या नवऱ्याला सुनावण्याइतकी जागा या घरात तुम्हाला होती, मला नव्हती.

रेणू तुमचीच होत गेली. अकरा वर्षांची असताना शाळेतून आली की दप्तर टाकून तुमच्या खोलीत. तिचं पहिलं काज तुम्ही खिडकीच्या उजेडात धरलं. "हे काज हाय का उंदराचं बीळ?" तीच पोरगी मी भाजी निवडायला बोलावलं तर यायला रात्रीचे आठ वाजवायची. तिला पहिल्यांदा पाळी आली, ते तिनं आधी तुम्हाला सांगितलं. तिला मुलगा पसंत आहे, हेही आधी तुम्हाला. मी स्वयंपाकघरातून ऐकलं, दोघी हसत होता. मी आत आले तशा गप्प झाला. ते गप्प होणं मी तुम्हाला कधी माफ केलं नाही.

आता तो दिवस, सहा वर्षांपूर्वीचा.

हळदीला चार दिवस होते. रेणू नोकरीच्या गावी, गुलबर्ग्याला. तुम्ही तिच्यासाठी केलेली पट्टी जरीच्या खणात गुंडाळून माझ्या हातात दिली. तुम्ही स्वतः नवरीच्या हातात देणार नव्हता. एवढं शास्त्र तुम्ही न सांगता पाळत होता, आणि आम्ही ते तुम्हाला न सांगता पाळू देत होतो. म्हणाला, "रेणू आली की दाव. आवडली तर म्हण, काज राहिलंय. पाच मिनिटं माझ्याकडं धाड."

मी उघडून पाहिली. अक्का, तशी वस्तू मी कुठल्याही सराफाकडं पाहिली नाही. कडेनं काळी बिदरी, आत शिंपल्याची एकाआड एक, आणि बरोबर मध्ये एक पांढरं, मोठं, झिजलेलं बटण. त्या झिजलेल्या बटणावर माझी नजर अडकली. मला वाटलं, हे झाकणातलं. तुमच्या मालकांच्या शर्टाचं. माझ्या पोरीच्या गळ्याच्या मधोमध, लग्नाच्या दिवशी.

माझी आई तेव्हा आमच्याकडं आलेली होती. तिनं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "रांडमुंड बाईच्या हातचं लेणं नवरीच्या गळ्यात? शोभे, शुद्धीवर हाईस का?"

आईवर टाकून मोकळं होता आलं असतं. सहा वर्षं मी तेच करत आले. भीती होती, आईचा धाक होता, लोक काय म्हणतील होतं. पण खरं सांगायचं तर पट्टी माझ्या पेटीच्या तळाशी लपवताना मला भीती नव्हती. बरं वाटत होतं. पोरीच्या गळ्यात मी घेतलेलं सोनं दिसणार होतं, तुमची बटणं नाही. एवढंच. इतकं क्षुद्र होतं ते.

रेणू आली. तुम्ही तुमच्या खोलीत खडू घेऊन बसला होता. संध्याकाळी मला विचारलं, "बघितलं का पोरीनं?"

मी म्हणाले, "बघितलं. म्हणाली, आता सोनंच घालते. आत्तीला वाईट वाटंल, तिला सांगू नको म्हणाली."

'सांगू नको म्हणाली' हे माझ्या तोंडून कसं निघालं, मला माहीत नाही. पण त्या तीन शब्दांनी काम केलं. आता तुम्ही तिला कधीच विचारणार नव्हता. विचारलं तर तिचं मन मोडलं असतं, असं तुम्हाला वाटणार होतं. तुम्ही खडू पानदानात टाकला आणि एवढंच म्हणाला, "बरोबर हाय की. सोनं ते सोनं."

रेणूनं हळद लावताना मला विचारलं, "आई, आत्तीनं माझ्यासाठी कायच केलं न्हाई व्हय? गावभर करत बसती की."

मी म्हणाले, "शुभकार्याला मी हात लावत न्हाई म्हणाल्या. तू विषय काढू नको, त्यांना रडू येतं."

इकडंही 'नको', तिकडंही 'नको'. दोघी तुम्ही मानी. पाया पडली तेव्हा तिनं वर पाहिलं नाही, तुम्ही खाली पाहिलं नाही.

त्यानंतर तुम्ही पट्टी केली नाही. फॉल लावायच्या, उसवलेलं शिवायच्या. पानदान कपाटावर गेलं. बायका विचारायला आल्या तर म्हणायच्या, "डोळे गेले गं आता." डोळे गेले नव्हते. तुम्ही सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवायच्या, मी बघत होते. रेणू दसऱ्याला यायची, पंचमीला यायची. "बरी हाईस का आत्ती?" "बरी हाय." पाण्याचा तांब्या पुढं सरकवल्यासारखं एकेक वाक्य. सहा वर्षं. मला रोज वाटायचं, सांगावं. मग वाटायचं, आता सांगितलं तर दोघी मिळून मलाच बाहेर ठेवतील. म्हणजे तिथंही मी माझाच विचार केला.

तुम्हाला कळलं होतं का? हे मला कुणी सांगणार नाही आता. मागच्या थंडीत तुम्ही घोंगडं शोधत होता आणि माझ्या पेटीची किल्ली मागितली. मी म्हणाले, हरवलीय. तुम्ही पेटीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "हरवू दे. ज्याला उघडायचंय त्याला किल्ली घावतीय." आणि गोधडीवर निजला. त्या वाक्यानं मी महिनाभर झोपले नाही. आणि अक्का, आज तुमच्यावर माझा रागही आहे, तो कुठं ठेवू? कळलं होतं तर ओरडायचं होतं. ताटावरून भावाला सुनावणाऱ्या तुम्ही, स्वतःसाठी एकदा तोंड उघडलं नाही. एक फोन करायचा होता पोरीला. तुमच्या गप्प बसण्यानं माझं खोटं सहा वर्षं पोसलं. मोठेपणा म्हणतात लोक त्याला. मला तो शिक्षेसारखा वाटला, आणि तुम्हाला तसाच वाटावा म्हणून तुम्ही केला असंही कधी कधी वाटतं. मेलेल्या माणसाशी असं बोलू नये. पण खरं बोलायचं ठरवलंय.

तुम्ही गेला त्या सकाळी अंगावर घालायला कोरं लुगडं काढायचं म्हणून मी पेटी उघडली. किल्ली माझ्याच गळ्यातल्या दोऱ्यात होती. लुगड्याखाली जरीचा खण. हातात आला आणि उलटा उघडला, मागचं अंग वर. सहा वर्षांत मी मागचं अंग कधी पाहिलंच नव्हतं.

मधल्या बटणाच्या भोकात पोपटी दोरा होता.

तो दोरा मी ओळखते. माझ्या डोहाळजेवणाचं पोपटी ब्लाउज मामंजींनी शिवलं होतं, पाठीवर तीन मोठी शिंपल्याची बटणं. रेणू झाल्यावर ते अंगाला होईना म्हणून मी फडकं केलं, त्यानं दिवे पुसले. त्याआधी तुम्ही बटणं कापून घेतली असणार. रेणू पोटात असताना माझ्या पाठीवर असलेलं बटण तुम्ही तिच्या गळ्याच्या मधोमध बसवलं होतं. बाकीची मग एकेक कळत गेली. खाकी दोरा, तिच्या अप्पांच्या कामावरच्या शर्टाचा. निळा, तिच्या शाळेच्या गणवेशाचा. काळा, मामंजींच्या शेरवानीचा. तुमचं त्यात एकही नव्हतं.

मी कपाटावरून पानदान काढलं आणि झाकण उघडलं. सात होती. सातच्या सात.

म्हणजे मी मेलेल्या माणसाचं बटण म्हणून जे गाडून ठेवलं, ते माझं होतं. तुम्ही मला मध्ये बसवलं होतं, अक्का, आणि मी तुम्हाला तिच्या लग्नाच्या फोटोतूनसुद्धा बाहेर ठेवलं.

बाहेर बायका हाक मारत होत्या, लुगडं आणा म्हणून. मी लुगडं नेलं.

रेणू दुपारी पोचली. रडली नाही. तुमच्या पायाशी बसून राहिली आणि तिच्या अप्पांना एकच विचारलं, "आत्ती माझ्यावर कशाचा राग धरून गेली?" ते म्हणाले, कशाचा असणार? मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. त्या क्षणी बोलायचं होतं. नाही बोलले. तेरा दिवस नाही बोलले. तेरा दिवस ती पोरगी येणाऱ्या-जाणाऱ्याला तुमच्या गोष्टी सांगत होती आणि दर गोष्टीच्या शेवटी तिचा आवाज तिथंच येऊन अडकत होता.

तेराव्याची पंगत उठली, बायका गेल्या. ती तुमच्या मशीनच्या स्टुलावर बसली होती. मी पट्टी तिच्या मांडीवर ठेवली आणि सगळं सांगितलं. तुम्हाला वर सांगितलं तेच, त्याच क्रमानं, ते क्षुद्र असलेलं वाक्यसुद्धा. ऐकताना ती पट्टी उलटी करून दोरे बघत होती. मग म्हणाली, "मी तिला सहा वर्षं 'बरी हाईस का' एवढंच विचारलं, आई."

मी म्हणाले, "व्हय."

"आणि तू तिथंच बसायचीस. तांदूळ निवडत."

"व्हय."

तिनं पट्टी गळ्याला लावली आणि दोन्ही टोकं मागं एका हातात धरली. एका टोकाला बटण होतं, दुसरं टोक कोरं. तिला तुमची सगळी पद्धत ठाऊक आहे. स्वतःच्या मानेमागं मात्र स्वतःला खूण करता येत नाही. पानदानातला खडू तिनं मागं न बघता माझ्याकडं केला.

"हसव की मला," ती म्हणाली. "आत्ती हसवायची. हसव."

मी तोंड उघडलं. कोंबडी आठवली, सिस्टर आठवली, उंदराचं बीळ आठवलं. सगळे शब्द तुमचे होते, अक्का. माझ्याकडं तिला हसवायला एक शब्द नव्हता. तिचे खांदे हलायला लागले तेव्हा मला वाटलं, हसली. मी पटकन खडू टेकवला.

ती हसत नव्हती.

खूण त्या पट्टीवर तशीच आहे. रडत्या गळ्याचं माप. तुम्ही असता तर अंगठ्यानं पुसून टाकली असती.